जवळचे रुग्णालय ओलांडून

गेल्या वर्षी जून महिन्यात रविवारची उपासना आटोपून मंडळी बाहेर पडत असता एक तरुण बहीण दाराशी मागे राहिली. तिला सहावा महिना लागला होता. इकडेतिकडे पाहून तिने हळूच विचारले, "पाळकसाहेब, इथला दवाखाना सोडून बाळंतपणाला लांब गेलं तर ते वाईट आहे का? आत्याबाई म्हणतात, उंबऱ्याशी दवाखाना असताना लांब जाणं म्हणजे इथल्या माणसांचा अपमान, आणि पैशाची नासाडी."

आम्हांस त्या दिवशी पुढच्या गावी उपासना चालवावयाची होती व उशीरही झाला होता. जवळ सोय असता दूर धावण्यात शहाणपण नाही, तेथील खर्च कोण करणार, येथील नर्सताई काय म्हणतील, असे दोन-चार शब्द बोलून व "दुरून डोंगर साजरे" ही म्हण तिला ऐकवून आम्ही गाडी सुरू केली. ती "बरं" म्हणाली आणि निघून गेली.

रात्री जेवतेवेळी आमच्या घरच्या मंडळींनी आम्हांस खरी हकीकत सांगितली. पहिल्या बाळंतपणात त्याच जवळच्या दवाखान्यात, कळा असह्य होऊन ती ओरडली तेव्हा तेथील एका कर्मचारी बाईने तिच्या मांडीवर चापट मारली व जे शब्द उच्चारले ते येथे छापण्याजोगे नाहीत. आईला आत येऊ दिले नाही. मूल सुखरूप झाले, बाळंतीणही सुखरूप राहिली, म्हणून घरातल्या कोणी त्यापुढे चौकशी केली नाही. आता दुसऱ्या खेपेस तिला भय वाटत होते ते वेदनांचे नव्हते, त्या खोलीचे होते. आम्ही तिला अंतर विचारले, खर्च विचारला, लोक काय म्हणतील तेही विचारले, "का जावेसे वाटते?" एवढे मात्र विचारले नाही. पाळकाच्या हातून घडण्याजोग्या चुकांत ही लहान नव्हे, असे आम्हांस त्या रात्री वाटले व अद्याप वाटते. तेव्हापासून हा प्रश्न मनात घोळत आहे, म्हणून तो आज आमच्या वाचकांपुढे मांडीत आहो.

पूर्वी विचार होत असे तो घरी बाळंत व्हावे की दवाखान्यात, एवढाच. तो वाद आपल्या राज्यात बहुतांशी मिटला आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात शंभरांतील जवळजवळ ९५ प्रसूती दवाखान्यात झाल्या. त्याच सुमाराच्या, म्हणजे २०१८ ते २०२० च्या सरकारी गणनेनुसार दर एक लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ माता दगावल्या. सर्व देशाचा आकडा ९७ होता. आपल्या आजीच्या काळी ज्या गोष्टीस प्रत्येक घर भीत असे, ती आता विरळ झाली, ह्याबद्दल देवाचे आभार मानावेत तितके थोडे. परंतु विरळ झाली म्हणजे नाहीशी झाली असे नव्हे. आणि घर की दवाखाना हा प्रश्न सुटला तेथूनच कोणता दवाखाना, हा दुसरा प्रश्न सुरू झाला. तो सोडवण्याची सवय अजून आपल्या घरांना लागलेली नाही.

आपले लोक गाव सोडून बाळंतपणास जाण्याच्या विरुद्ध आहेत, असे मात्र कोणी समजू नये. पहिले बाळंतपण माहेरी, ही चाल आपल्याकडे सर्व जातिधर्मांच्या घरांत चालत आली आहे. कोरेगावची मुलगी जतेस दिली, तर सातव्या महिन्यात ओटी भरून ती कोरेगावास येणार. तेथे आई आहे, कामाचा धबडगा नाही, तेलपाणी करणारे हात आपलेच आहेत. ह्या चालीत पुष्कळ शहाणपण आहे, आणि तिच्यामुळे हजारो मुलींनी सासरचा दवाखाना ओलांडून शंभर-सव्वाशे किलोमीटरांवरचा दवाखाना पत्करला. त्याला कोणी अपमान म्हटले नाही! मग आमच्या त्या बहिणीच्या सासूबाईंस वाईट वाटले ते कशाचे? विचार करता आम्हांस असे दिसले की, चालरीतीने दूर नेले तर चालते. बाईने आपल्या मनाने, कारण सांगून, दूर जातो म्हटले की ते खुपते. हे एकदा ध्यानात आले म्हणजे निम्मा वाद जागीच मिटतो.

शिवाय दूरच्या दवाखान्याचा मान तर ह्याच आपल्या मुलखाने प्रथम केला. डॉ. विल्यम वॉनलेस हे १८८९ साली हिंदुस्थानात आले व १८९४ साली मिरजेत त्यांचे मिशन रुग्णालय उभे राहिले. तेथे येणारे काय केवळ मिरजेचे होते? बैलगाडीने, आगगाडीने, पायी, कर्नाटकाकडून व घाटाखालून माणसे येत, आणि त्यांच्या वाटेवर वैदूही होते, हकीमही होते, संस्थानांचे दवाखानेही होते. वाईसही अमेरिकन मराठी मिशनचे रुग्णालय होते व कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातील कितीएक बाया तेथवर चालत गेल्या. आमच्या बापजाद्यांनी जवळचे ओलांडून दूरचे गाठले नसते, तर आमच्यापैकी काहीजण ही ओळ वाचावयास नसते. तेव्हा परगावच्या दवाखान्याची वाट धरणे हे आजच्या मुलींचे फॅड आहे, असे वडील मंडळींनी म्हणू नये.

बाईच्या मनातील कारण नेहमी उघड बोलण्याजोगे नसते. पुरुष डॉक्टरापुढे जाण्याचा संकोच हे एक जुने कारण आहे. आनंदीबाई जोशी ह्यांचे मूल त्यांच्या चौदाव्या वर्षी जन्मास येऊन दहा दिवसांत गेले. पुढे त्यांनी अमेरिकेची वाट धरली व १८८६ साली डॉक्टरीची पदवी मिळवली, ती हिंदी स्त्रियांस स्त्री डॉक्टर पाहिजे हे बोलून दाखवूनच. पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला तो प्रसूतिशास्त्रावरच होता. एका बाईचा संकोच एवढा मोठा असतो की त्यासाठी समुद्र ओलांडला गेला; आणि आम्ही मात्र कऱ्हाडपर्यंतची एस. टी. जास्त म्हणतो.

आता व्हिएन्ना शहरातील एक गोष्ट सांगतो. ती ह्या विषयास इतकी लागू आहे की तिला टाळणे कठीण. १८४० च्या दशकात तेथील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी शिकत. एक दिवस पहिल्यात भरती, एक दिवस दुसऱ्यात, असा ठरलेला क्रम. शहरातील गोरगरीब बायांस हे पक्के ठाऊक होते की पहिल्या विभागात गेलेल्या बाया ताप येऊन मरतात. कित्येक जणी गुडघे टेकून, हात जोडून, "आम्हांस दुसरीकडे घाला" अशी विनवणी करीत. वार चुकला तर काही जणी वाटेवरच बाळंत होणे पत्करीत. आणि आश्चर्य असे की वाटेवर बाळंत झालेल्या बाया पहिल्या विभागातील बायांपेक्षा कमी मरत. पहिल्या विभागात शंभरांतील सुमारे दहा माता दगावत. दुसऱ्यात त्याच्या निम्म्याहूनही कमी. मोठमोठे वैद्य हवेला दोष देत, बायांच्या भित्रेपणाला दोष देत. शेवटी इग्नाझ झेमेलवाईस ह्या तरुण डॉक्टराच्या ध्यानात आले की विद्यार्थी शवविच्छेदनाच्या खोलीतून निघून तेच हात घेऊन बाळंतिणीपाशी येतात. १८४७ साली त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. विद्वानांस जे कळण्यास वर्षे लागली, ते निरक्षर बायांनी आपसांत बोलून आधीच ताडले होते. कारण त्यांस ठाऊक नव्हते. कोठे जाऊ नये, हे ठाऊक होते.

म्हणून पाणवठ्यावर व बचतगटाच्या बैठकीत बाया एखाद्या दवाखान्याविषयी जे बोलतात, त्यास चहाटळपणा म्हणून झिडकारू नये. तेथे रात्री डॉक्टर नसतो, तेथे मारतात, तेथे पैसे मागतात, तेथे रक्त वेळेवर मिळत नाही, ह्या गोष्टी कोणत्याही सरकारी कागदापेक्षा लवकर कळतात त्या तेथेच.

परंतु बायांचे बोलणे नेहमीच व्हिएन्नाच्या बायांसारखे खरे असते, असेही आम्ही म्हणणार नाही. दूरच्या दवाखान्याचा मोह कधी कधी काचेच्या दारांचा असतो. जावेचे बाळंतपण अमक्या शहरात झाले, मग आमच्या लेकीचे त्याहून मोठ्या शहरात व्हावे, ही चढाओढ आम्ही आमच्याच मंडळीत पाहिली आहे व तिच्यापायी गहाण पडलेले दागिनेही पाहिले आहेत. कोणी मुहूर्त पाहून पोट कापून घेण्यासाठी दूर जातात. वर सांगितलेल्या पाहणीतच असे आढळले की देशभरात खाजगी रुग्णालयांतील शंभर प्रसूतींपैकी सुमारे ४७ शस्त्रक्रियेने झाल्या, सरकारी रुग्णालयांत सुमारे १४. अवघड बाया खाजगीकडे पाठविल्या जातात, हे काही अंशी कारण असेल. तरी एवढे सगळे अंतर त्याने भरून निघत नाही. शस्त्रक्रिया कित्येकींचे प्राण वाचविते, तिची निंदा आम्ही करीत नाही. पण जिला तिची गरज नाही तिने मोठ्या पाटीवर भाळून त्यात सापडावे, आणि उपकेंद्रातील ज्या परिचारिकेने नऊ महिने तिचे रक्त तपासले, गोळ्या दिल्या, दारी येऊन वजन केले, तिला तोंडही दाखवू नये, ह्यात निवड आहे असे आम्हांस वाटत नाही.

निवड करावयाची तर काय विचारावे? आमच्या समजुतीप्रमाणे इमारत किती मजल्यांची हे विचारू नये. रात्री दोन वाजता शस्त्रक्रिया करणारा व भूल देणारा असे दोघेही तेथे असतात काय? रक्ताची सोय त्याच आवारात आहे की नातलगांस दुसऱ्या गावी धाडतात? अपुऱ्या दिवसांचे मूल झाले तर त्यास ठेवण्यास जागा आहे काय? बाईजवळ तिची आई किंवा बहीण राहू देतात काय? ही शेवटची मेहेरबानी नव्हे; सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ सोबतीण असू द्यावी असे केंद्र सरकारने २०१६ सालीच कळविले आहे, आणि प्रसूतिकक्षातील वागणूक सुधारण्यासाठी २०१७ साली 'लक्ष्य' नावाचा उपक्रमही सुरू केला आहे. हे प्रश्न जवळच्या दवाखान्यासही विचारावेत. उत्तरे समाधानकारक आली, तर घरचे अंथरूण सोडून जाण्याचे कारण उरत नाही.

ह्या सर्वांत ज्याचा हिशेब लोक सर्वांत कमी करतात ती गोष्ट म्हणजे रस्ता. पवित्र शास्त्रातील राहेल बेथेलहून निघून एफ्राथाच्या वाटेवर असता तिला कळा लागल्या, प्रसूती कठीण गेली, आणि गाव थोड्याच अंतरावर राहिले असता ती तेथेच मरण पावली. याकोबाने तिच्या कबरेवर खूण म्हणून स्तंभ उभारला. ती खूण आमच्या मते ह्या विषयावरील सर्वांत जुनी सूचना होय. आपला मुलूख तर वाटेच्या बाबतीत फारच विचित्र. एकीकडे कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडची गावे, जेथून लाँचीने अलीकडे यावे लागते. दुसरीकडे जत, जेथून सांगली ऐंशी किलोमीटरांच्या आसपास आणि ज्याच्या पूर्वेकडील उमदी, संख ह्यांसारख्या गावांस सांगलीपेक्षा विजयपूर जवळ. त्या भागातील बाईने जिल्हा तर सोडावाच, पण राज्यही सोडले, तर तिला कोणी परकी म्हणू नये. नकाशावरची रेघ कळांना थांबवीत नाही. पावसाळ्याचे तर बोलावयास नको. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुराने सांगली शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला व कितीएक गावांच्या वाटा बंद पडल्या. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या. ज्या घरांनी त्या दिवसांत दूरचा दवाखाना ठरवून ठेवला होता त्यांनी काय केले असेल, ह्याचा विचार करून पाहावा.

१९९४ साली दोन संशोधकांनी मातांच्या मृत्यूंस कारण होणारे विलंब तीन ठिकाणी पाहिले होते: घरात निर्णय होण्यास लागणारा वेळ, वाटेत लागणारा वेळ, आणि दवाखान्यात पोहोचल्यावर उपचार मिळण्यास लागणारा वेळ. दूरचा चांगला दवाखाना तिसरा विलंब कमी करतो व दुसरा वाढवितो. हे उमजून जी निवड करील तिची निवड खरी. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला व उपचार झाला नाही, तर दोन तासांच्या आत बाईचा प्राण जाऊ शकतो. हे दोन तास कोठे जाणार आहेत, घाटात की दवाखान्यात? म्हणून ज्यांना दूर जावयाचे आहे त्यांनी कळा लागण्याची वाट पाहू नये. नववा महिना लागला की त्या शहरी असलेल्या मावशीकडे, आत्याकडे, मंडळीतील एखाद्या कुटुंबाकडे जाऊन राहावे. तपासणीचे कार्ड व सर्व कागद बरोबर असावेत. आणि घरच्या परिचारिकेस व आशाताईस सांगून जावे, चोरून जाऊ नये. कारण आठव्या महिन्यातच कळा आल्या, तर धावून येणार त्याच, व १०८ ची गाडी प्रथम नेणार ती जवळच्याच दारी. जवळचा दवाखाना ओलांडणारी बाईही त्याच्या आधारावरच निश्चिंत असते.

येथे एक अवघड शंका येते, व ती आमच्या मंडळीतील एका वडील शिक्षकांनी आम्हांस बोलून दाखविली. ते म्हणाले, "ज्यांना चार पैसे आहेत, ज्यांना बोलता येते, ते सगळे बाहेर गेले तर गावच्या दवाखान्यात मुके तेवढे उरतील. मग तो सुधारणार कसा?" शंका खोटी नाही. आपल्या गावच्या शाळांचे हेच झाले आहे. पण आम्ही त्यांस विचारले, गुरुजी, दवाखाना सुधारावा म्हणून प्रसूतीच्या टेबलावर कोणी निजावे? तुमची सून? ते गप्प राहिले. गावाचे काम करण्यासाठी गावात पुरुष आहेत, पंचायत आहे, प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्ण कल्याण समिती आहे. तेथे जाऊन भांडण्याचा ज्यांना आळस, त्यांनी आपल्या आळसाचा भार कळा देणाऱ्या बाईच्या अंगावर घालू नये. तिचे त्या घटकेचे काम एकच आहे व ते पुरेसे जड आहे.

मात्र गुरुजींच्या बोलण्यातील एक गोष्ट आम्ही मान्य केली. बाहेर जाणाऱ्याने कारण मागे ठेवून जावे. आपण काय करतो? नर्सताईपुढे "माहेरची हौस आहे" असे गोड बोलतो, आणि दहा घरी मात्र खरे सांगतो. जिने चापट मारली तिला ते कधीच कळत नाही, आणि जिने कधी कोणास दुखविले नाही त्या चांगल्या परिचारिकेवरही संशय राहतो. उघड बोलण्याने शत्रुत्व येईल असे भय असते, आणि ते अगदी निराधारही नाही, कारण उद्या त्याच दारी मुलाला ताप आला म्हणून जावयाचे असते. तरी हे काम बाईचे नव्हे. ते नवऱ्याने करावे, सासऱ्याने करावे, पाळकाने करावे.

पैशाविषयी थोडकेच लिहितो. जून २०११ पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे सरकारी दवाखान्यात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण व ने-आण हे सर्व फुकट आहे. तेव्हा दूर म्हणजे खाजगी व महाग, असे समीकरण मांडून बसू नये. जिल्ह्याचे, उपजिल्ह्याचे सरकारी रुग्णालय हेही दूरचेच आहे व कित्येकदा तेच योग्य असते. आणखी एक भय वडील माणसांस असते की नातवाचे नाव परगावच्या दप्तरी लागेल. कायद्याने जन्म जेथे झाला तेथेच नोंदला जातो, हे खरे; त्याने नातू परका होत नाही. एकवीस दिवसांत नोंद करून दाखला आणावा व निश्चिंत असावे.

असो. आम्ही पुढील रविवारी त्या बहिणीच्या घरी गेलो व गेल्या आठवड्यातील आपले बोलणे मागे घेतले. सासूबाई चुलीपाशी होत्या. चापटीची गोष्ट त्यांना त्या दिवशी प्रथम कळली. पुष्कळ वेळ त्या काही बोलल्या नाहीत, मग सुनेकडे न पाहता म्हणाल्या, "मला तर सुइणीनं लाथ मारली होती. मी कुणाला सांगितलं?" पुढे त्यांनीच आपल्या मिरजेच्या बहिणीस फोन करविला. नववा महिना लागताच मुलगी तेथे जाऊन राहिली. मूल झाले, काही अडचण आली नाही, शस्त्रक्रिया लागली नाही, कोणी उणा शब्द बोलले नाही. गावी परत आल्यावर भावकीतील एकाने आम्हांस ऐकविले, "बघा, सगळं तर सोपंच झालं. एवढ्या लांब नेण्याचं काय नडलं होतं?" आम्हांस त्यांस समजेल असे उत्तर देता आले नाही. सुखरूप पार पडले म्हणून पहिला दवाखाना बरोबर ठरला होता, आणि आता सुखरूप पार पडले म्हणून दुसरा अनावश्यक ठरला. बाई कशी गेली व कशी आली, हे तराजूत कोणत्याच वेळी पडले नाही. त्या बहिणीने मात्र आमच्या घरच्या मंडळींस एवढेच सांगितले की, ह्या खेपेस ती ओरडली व कोणी तिला गप्प बस म्हटले नाही.

तिच्या नवऱ्याबरोबर आम्ही जवळच्या दवाखान्याच्या डॉक्टरांस भेटावयास गेलो होतो. त्यांनी ऐकून घेतले. इतक्या वर्षांत असे समोर येऊन कोणी सांगितले नाही, असे ते म्हणाले, व आता प्रसूतिकक्षाच्या दारावर सोबतीण आत राहू शकते अशी मराठी पाटी लागली आहे. पाटी पाळली जाते किंवा नाही, हे आमच्या भगिनीमंडळाने पाहावे असे ठरले आहे.

ही पाहणी करीत असता आमच्या बहिणींना तेथे एक निराळीच गोष्ट दिसली. आपल्या साताऱ्या-सांगलीच्या कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांतील कितीएक बाया दिवस भरत आलेल्या असतात. त्यांनाही गाव सोडून दूरच्याच दवाखान्यात बाळंत व्हावे लागते, पण त्यांनी तो निवडलेला नसतो. ज्या फडावर मुकादमाने नेले त्याच्या जवळचा तो त्यांचा. कार्ड गावाकडे राहिलेले, ओळखीचे कोणी नाही, आणि दारावरची पहिली विचारणा, "तुम्ही कुठल्या? इकडं कशाला आलात?" ज्या दवाखान्याला आम्ही जवळचा म्हणून नाके मुरडतो, तो त्यांचा परगावचा. सरकारी दवाखान्यातील फुकट प्रसूतीला गावाची अट नाही, हे त्यांस कोणी सांगत नाही. उलट उचलीचे पैसे फिटावयाचे असल्याने बाई कळा लागेपर्यंत मोळ्या उचलीत असते.

यंदाच्या टोळीत एक अशी बाई आहे. तिला आठवा सरला आहे. आमच्या त्या बहिणीने, आपले तीन महिन्यांचे मूल सासूबाईंजवळ ठेवून, दुसऱ्या एका भगिनीस बरोबर घेतले व ती तिच्या कोपीवर जाऊन आली. मुकादम प्रथम बोलू देईना. आशाताईने नवे कार्ड काढून दिले आहे, रक्त तपासले आहे, ते फार कमी भरले आहे, व डॉक्टरांनी तिला जवळच्या दवाखान्यात न ठेवता रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयात आधीच नेऊन ठेवावी असे सांगितले आहे. तिचा नवरा म्हणतो, कोयता मोडेल. तिला स्वतःला काय वाटते हे विचारावयास आमच्या बहिणी मंगळवारी पुन्हा जाणार आहेत.